चाळीस रुपयांचे बोल्ट आणि ₹४,९३,५००

आमच्या अण्णांची जुनी मोटार गॅरेजवाल्याकडे नीट करायला दिली आणि त्याने फसवलं. आधी आकडे सांगते, म्हणजे ‘एकूण किती गेले हो?’ हे पुन्हा कोणी विचारणार नाही. गाडी आत घेताना आगाऊ ₹१,५०,०००. इंजिन आणि प्लेटिंगचे, म्हणजे सुट्या भागांना धातूचा मुलामा देण्याचे, ₹२,७५,०००. आरटीओच्या विंटेज नोंदणीचे ₹६८,५००. झाले ₹४,९३,५००. जे सामान गायब झालं त्याची किंमत यात धरलेली नाही, कारण पोलिसांच्या मते ती चाळीस रुपये आहे.

गाडी १९४७ ची एमजी टीसी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार. जुन्या गाड्या मूळ रूपात आणून देणाऱ्या रिस्टोरेशनवाल्यांचे नेहमीचे खेळ तुम्हाला ठाऊक आहेतच. आधी स्वस्तातला अंदाज, मग गाडी पार खोलून ठेवायची म्हणजे ती दुसरीकडे हलवता येत नाही, आणि मग ‘ताई, अजून थोडे लागतील’. त्याची तयारी मी ठेवली होती. ह्या गॅरेजवाल्याचा डोळा सामानावर असेल, हे मात्र डोक्यात आलं नाही. तुमच्याही आलं नसतं.

माझी अट एकच होती आणि ती लेखी दिली होती: निघेल तो प्रत्येक नट, बोल्ट, वायसर साफ करून जागच्या जागी परत. ज्यांना हे खूळ वाटतं त्यांच्यासाठी सांगते. टीसीच्या एक्सपीएजी इंजिनाच्या बोल्टना आटे मेट्रिक, म्हणजे मिलिमीटरचे, आणि डोकी व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी इंची मापाची असतात. एमजीची इंजिनं पुढे ज्यांनी बनवली त्या मॉरिसने १९२३ साली कॉव्हेन्ट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना विकत घेतला. तिथली यंत्रं मेट्रिक आटे पाडणारी होती, आणि इंग्रज मिस्त्र्यांकडे पाने व्हिटवर्थचे. म्हणून हा संकर. आठ मिलिमीटरच्या बोल्टचा आटा एक मिलिमीटर पिचचा, म्हणजे दोन आट्यांत अंतर एक मिलिमीटर. आपल्या बाजारात सर्रास मिळतो तो सव्वाचा. बाजारातला बोल्ट दोन फेरे जातो, अडतो, आणि पुढे जोर लावला की ब्लॉकचे आटे जातात. काही जुन्या बोल्टांच्या डोक्यावर बनवणाऱ्याचं नावही कोरलेलं असतं. गाडीत काय मूळचं आहे हे जाणकार त्यावरूनच ओळखतो, रंगावरून नाही.

आता तो क्षण. मी उभी असताना त्याचा पोऱ्या इंजिनाच्या खालचे बोल्ट आवळत होता. हातात पाना तेरा नंबरचा. पाना डोक्यावर अगदी चपखल बसत होता.

तेरा नंबर मूळ बोल्टवर बसतच नाही! त्याचं डोकं पाव इंच व्हिटवर्थचं (हे माप बोल्टच्या जाडीचं), रुंदीला सव्वातेरा मिलिमीटरहून थोडं मोठं. तेरा बसला म्हणजे बोल्ट बाजारातला. अण्णांच्या कॅनव्हासच्या गुंडाळीतले पाने लहानपणापासून मीच त्यांच्या हातात देत आले. पाना बसतोय हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि तेवढ्यात तो म्हणाला, ‘ताई, चहा घ्या ना, गाडी घरचीच समजा.’ घेतला चहा. आजही तो पाना डोळ्यांपुढे आला की अंगाचा तिळपापड होतो. पण सांगा, कपाळाला टिळा लावलेला, अण्णांच्या फोटोला हात जोडणारा माणूस पाठीमागे असलं काही करतोय असं कोणाच्या मनात येईल? आणि त्या घटकेला ओळखलं असतं तरी उरलेली गाडी भिंतीला लावलेल्या खोक्यांतच होती.

बोल्टांबरोबर गेली एस.यू. कार्ब्युरेटरची मूळ जोडी, चाकांचे कानवाले नट आणि इंजिन नंबरची पितळी अष्टकोनी प्लेट. तिच्या जागी नवी चकचकीत प्लेट, आकडे वेडेवाकडे ठोकलेले, तेही ॲल्युमिनियमच्या पॉप रिव्हेटवर. माझे कानवाले नट नंतर विदेशी खरेदीदारांसाठीच्या एका जाहिरातीत दिसले. खाली त्याच गॅरेजच्या निळ्या फरश्या!

पोलीस ठाण्यात गेले. ‘मॅडम, नट-बोल्ट चोरीला गेले? चाळीस रुपयांत मिळतात.’ शेजारचा हसला. मग खरेदीची पावती मागितली. १९४७ ची! मग ‘ही दिवाणी बाब आहे.’ विश्वासाने सोपवलेला माल परस्पर विकणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेत विश्वासघाताचं कलम ३१६ कशासाठी आहे, फसवणुकीचं ३१८ कशासाठी आहे? मी कलमं म्हटल्यावर साहेबांचा आवाज चढला आणि माझ्या हातात एनसीचा, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याचा, कागद आला. वरिष्ठांना टपालाने तक्रार पाठवली, ती फिरून त्याच टेबलावर. आता अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे आहे.

आरटीओत तर कळसच. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीची विंटेज म्हणून नवी नोंदणी होते, सरकारी फी ₹२०,०००, मुदत दहा वर्षं. अर्ज ऑनलाइन. माझ्या नावाने अर्जच भरलेला नाही, हे ₹६८,५०० दिल्यावर कळलं. खिडकीवरचा म्हणतो, ‘एजंटला दिलेत, त्याला आम्ही काय करणार?’ दुसऱ्या खिडकीवर प्लेट पाहून उलट मलाच: ‘इंजिन बदललंय का?’ चॅसी, बॉडी, इंजिनात मोठे बदल असतील तर विंटेज म्हणून मान्यता नाही. म्हणजे चोरी त्याची आणि संशयित मी.

गाडी देण्याआधी प्रत्येक बोल्टच्या डोक्याचा, प्लेटचा, चॅसी नंबरचा फोटो काढा, फुटपट्टी शेजारी ठेवून. खोललेले बोल्ट घरी आणा. प्लेटिंगला मोजून द्या, मोजून घ्या. पितळी प्लेट गॅरेजवाल्याला काढू देऊच नका. कच्च्या पावतीवर छदामही नको. आरटीओची फी स्वतः भरा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत जा. मी गेले आहे, समोरचा वकील तारखा घेतोय. आणि हो, स्वतःचा व्हिटवर्थ पाना खिशात ठेवा.

एक्सपीएजीची जुनी अष्टकोनी प्लेट किंवा एमजीचे कानवाले नट कोणी विकायला आणले तर घेऊ नका. विकणाऱ्याचा आणि मालाचा फोटो काढून मला कळवा.