खुबा दुखतोय: एक्स-रे पुरेसा की एमआरआय करावा?

आधी दुखणाऱ्या जागेवर बोट ठेवून बघा, कारण तपासणीची निवड तिथूनच सुरू होते. जांघेत दुखतंय, मांडी घालून बसताना कळ येते, तर संशय खुब्याच्या सांध्यावर. बाहेरच्या हाडावर दुखतं आणि त्या कुशीवर झोपवत नाही, तर बहुधा तिथले टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर, दुखावलेले असतात. कुल्ल्यातून कळ पायात उतरत असेल, तर मूळ अनेकदा कमरेच्या मणक्यात असतं. खुबा बिघडलेला असताना नुसता गुडघा दुखतो, असंही होतं.

पन्नाशीनंतर हळूहळू वाढलेल्या जांघेच्या दुखण्याला माझ्या मते एक्स-रेच आधी. तो स्वस्त, तालुक्याच्या गावीही होणारा. सांध्यातली फट कमी झालीय का, कडेला हाड वाढलंय का, हे त्यात दिसतं. दोन्ही खुबे एकाच फिल्मवर घ्यायला सांगा, म्हणजे तुलना करता येते. झीज स्पष्ट दिसत असेल, तर एमआरआयमुळे उपचार सहसा बदलत नाहीत. तो खर्च वाचवावा.

पण ‘एक्स-रे नॉर्मल’ एवढ्यावर थांबणं काही जणांना फार महाग पडतं. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटला, की ते आतून मरू लागतं. याला एव्हीएन म्हणतात. पहिल्या टप्प्यात एक्स-रे अगदी स्वच्छ असतो, एमआरआय मात्र ते पकडतो. डोकं चेपण्याआधी कळलं तर सांधा वाचवायचे प्रयत्न करता येतात. चेपल्यावर बऱ्याचदा सांधा बदलण्याची वेळ येते. म्हणून ज्यांनी स्टेरॉइड घेतलीत (कोविडच्या उपचारात अनेकांना ती द्यावी लागली), जे भरपूर दारू पितात किंवा ज्यांना सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) आहे, त्यांनी जांघेत दुखत राहिल्यास एमआरआयबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारावं. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात तर सिकलसेलची चौकशी व्हायलाच हवी. एमआरआय दोन्ही खुब्यांचा करावा, कारण दुसऱ्या बाजूलाही हा आजार अनेकदा असतो. पडल्यानंतर आजींना पाय टेकवता येत नसेल आणि एक्स-रेत काहीच दिसत नसेल, तरीही हाडाला बारीक तडा असू शकतो. तिथेही एमआरआय हवा.

एमआरआयची दुसरी बाजूही सांगायला हवी. सांध्याच्या कडेच्या कूर्चेला, म्हणजे लेब्रमला, चीर असल्याचं रिपोर्टमध्ये वाचून माणूस हादरतो. पण काहीही दुखत नसलेल्या कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्येही अशी चीर सापडते. रिपोर्टमधली गोष्ट दुखण्याच्या जागेशी आणि डॉक्टरांनी पाय फिरवून केलेल्या तपासणीशी जुळली, तरच तिला कारण मानावं. तरीही शंका उरली, तर सोनोग्राफीवर बघत सांध्यात बधिरतेचं इंजेक्शन देतात. काही तास दुखणं थांबलं, तर ते सांध्यातूनच येत असण्याची शक्यता बरीच वाढते. एमआरआयचं चित्र हे सांगू शकत नाही.

सीटी स्कॅन मुख्यतः फ्रॅक्चरचे तुकडे आणि हाडाचा आकार पाहण्यासाठी. हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीतून दुखण्याचं कारण कळत नाही.

ताप, खुब्यात जोराची कळ आणि पाय टेकवता न येणं हे एकत्र असेल, तर तुलना करत बसू नका. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.