मानधन की युनियन? अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूपुढचे दोन रस्ते

अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंना पैसे द्यावेत का, हा वाद कागदावर तरी मिटला आहे. १ जुलै २०२५पासून विद्यापीठं आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. युनियनचा प्रश्न मात्र २०१४मध्ये जिथे अडकला, जवळपास तिथेच आहे. त्यामुळे ज्या घरात सध्या एखाद्या विद्यापीठाची ऑफर आली आहे, मग ते घर न्यू जर्सीतलं असो की पुण्यातलं, त्यांनी हे दोन रस्ते सारखेच खुले आहेत असं समजू नये. मानधन आज हातात पडू शकतं, पण त्यात फटी बऱ्याच आहेत. युनियन जास्त मोलाची आहे आणि बहुतेकांच्या वाट्याला ती येणारच नाही.

मानधन: तीन वेगळे खिसे

कोच फोनवर ‘पॅकेज’ म्हणतो तेव्हा तो तीन खिशांची बेरीज सांगत असतो. त्या रकमा सुट्या करून घ्याव्यात, कारण प्रत्येकीचे नियम वेगळे आहेत.

पहिला खिसा शिष्यवृत्तीचा. दुसरा ‘एनआयएल’चा, म्हणजे खेळाडूचं नाव, छबी आणि ओळख वापरल्याबद्दल बाहेरच्या कंपनीने दिलेल्या पैशांचा. ही परवानगी जुलै २०२१पासून आहे. तिसरा खिसा नवा. कॉलेज खेळ चालवणाऱ्या ‘एनसीएए’ या राष्ट्रीय संस्थेविरुद्ध खेळाडूंनी लढवलेल्या हाउस खटल्यातली तडजोड न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी ६ जून २०२५ रोजी मंजूर केली आणि विद्यापीठाच्या क्रीडा उत्पन्नातला वाटा खेळाडूंना मिळू लागला. २०२५-२६साठी एका विद्यापीठाला जास्तीत जास्त सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर वाटता येतात. बड्या कॉन्फरन्समधल्या (म्हणजे विद्यापीठांच्या स्पर्धागटांमधल्या) विद्यापीठांच्या काही ठरावीक उत्पन्नाची सरासरी काढून तिच्या २२ टक्क्यांवर हा आकडा बेतलेला आहे. ‘जास्तीत जास्त’ हे शब्द नीट वाचावेत. एवढे पैसे वाटायलाच हवेत असं कोणावर बंधन नाही. शिवाय नव्याने वाढवलेल्या शिष्यवृत्त्यांपैकी २५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम याच मर्यादेतून वजा होते.

आता वाटणी. त्याच तडजोडीत जुन्या खेळाडूंच्या भरपाईसाठी ढोबळमानाने जे सूत्र धरलं गेलं, तेच अनेक मोठ्या विद्यापीठांनी पुढे उचललं: ७५ टक्के अमेरिकन फुटबॉलला, १५ टक्के पुरुषांच्या बास्केटबॉलला, ५ टक्के महिलांच्या बास्केटबॉलला आणि उरलेले ५ टक्के बाकी सगळ्यांना. हे ‘बाकी सगळे’ म्हणजे टेनिस, गोल्फ, पोहणं, धावणं, व्हॉलीबॉल. पूर्ण मर्यादेचे ५ टक्के म्हणजे १० लाख २५ हजार डॉलर. तीनशे खेळाडू धरले तर डोई साधारण ३,४०० डॉलर पडतात, तेही समान वाटले तर. एवढ्यासाठी कोणी विद्यापीठ बदलू नये.

अशा खेळाडूंचा खरा फायदा पहिल्याच खिशात आहे आणि त्याची चर्चा कमी होते. पूर्वी डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या श्रेणीत, पुरुषांच्या टेनिस संघाला मिळून साडेचार शिष्यवृत्त्या असत. त्या आठ-दहा जणांत वाटल्या की कोणाला अर्धी फी, कोणाला पुस्तकांपुरते पैसे. तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांत ही मर्यादा गेली आणि तिच्या जागी संघसंख्येची मर्यादा आली. विद्यापीठाने ठरवलं तर यादीतल्या प्रत्येकाला पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. दुसऱ्या बाजूला, फुटबॉलचा पैसा उभा करण्यासाठी छोटे खेळ बंद होऊ लागले आहेत. कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली विद्यापीठाने मार्च २०२५मध्ये पोहण्याचा संघ बंद करताना याच तडजोडीचं कारण पुढे केलं. संघच बंद पडला तर शिष्यवृत्तीचं काय, हे ऑफर घेतानाच लेखी विचारावं.

एनआयएलमध्ये अडचण वेगळी आहे. ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा करार ‘एनआयएल गो’ या प्रणालीवर नोंदवावा लागतो. डेलॉइट या सल्लागार कंपनीने चालवलेली ही यंत्रणा दोन गोष्टी तपासते: कंपनीला त्यातून खरोखर काही धंदा आहे का, आणि रक्कम बाजाराला धरून आहे का. विद्यापीठाच्या धनाढ्य चाहत्यांच्या गटाने जाहिरातीच्या नावाखाली दिलेला पगार इथेच अडकतो. मंजुरी येईपर्यंत त्या पैशांवर गाडीचे हप्ते बांधू नयेत.

तोंडी शब्दाचं काय होतं, तेही जगाने पाहिलं आहे. सप्टेंबर २०२४मध्ये यूएनएलव्हीचा (लास व्हेगासमधल्या नेवाडा विद्यापीठाचा) फुटबॉल क्वार्टरबॅक मॅथ्यू स्लुका हंगाम अर्ध्यावर सोडून गेला. एका साहाय्यक कोचने कबूल केलेले १ लाख डॉलर मिळाले नाहीत, असा त्याच्या बाजूचा दावा होता. पैसे देणाऱ्या गटाचं म्हणणं, तसा करारच झाला नव्हता. फ्लोरिडात फुटबॉलपटू जेडन रशादाचा १ कोटी ३८ लाख डॉलरचा करार तर कागदावर होता. तोही फिसकटला आणि प्रकरण कोर्टात गेलं.

करार वाचताना बाकीची पानं चाळली तरी चालतील, चार कलमं मात्र वकिलाकडूनच वाचून घ्यावीत. दुखापत झाली तर हप्ते चालू राहतात का. विद्यापीठ बदललं तर किती पैसे परत करायचे. छबीचा हक्क किती काळासाठी आणि एकट्या विद्यापीठालाच दिला आहे का. करार एकतर्फी मोडण्याचा अधिकार कोणाकडे आहे. या रकमा साधारणपणे नोकरीचा पगार म्हणून येत नाहीत, स्वतंत्र व्यावसायिकाची कमाई म्हणून येतात. म्हणजे कर आधी कापला जात नाही. अमेरिकन नागरिकाला किंवा ग्रीनकार्डधारकाला वर्षाची निव्वळ कमाई ४०० डॉलरवर गेली की आयकराखेरीज १५.३ टक्के स्वयंरोजगार कर लागतो, आणि एप्रिल, जून, सप्टेंबर, जानेवारी असे हप्ते स्वतःच भरावे लागतात. आलेल्या रकमेतला तिसरा हिस्सा बाजूला ठेवणं शहाणपणाचं.

युनियन: जे करारात मिळत नाही

‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’ हा शब्द १९५०च्या दशकात एनसीएएने रूढ केला, तोच मुळात कामगार भरपाईचे दावे टाळण्यासाठी. एनसीएएचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच पुढे ते मान्य केलं. खेळाडू कामगार ठरला की वाटाघाटीच्या टेबलावर काय काय येतं, हे त्यावरून कळावं.

सर्वांत आधी तास. एनसीएएच्या नियमाने हंगामात आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. पण सामन्याचा अख्खा दिवस त्यात तीनच तास धरला जातो आणि प्रवास मोजलाच जात नाही. नॉर्थवेस्टर्न या खासगी विद्यापीठाच्या फुटबॉल खेळाडूंचा युनियनसाठीचा अर्ज २०१४मध्ये सुनावणीला आला, तेव्हा हंगामात आठवड्याला ४० ते ५० तास खेळाकडे जातात असं निघालं. दुसरी गोष्ट उपचार. ऑगस्ट २०२४पासून डिव्हिजन वनच्या विद्यापीठांनी खेळातल्या दुखापतीचा खर्च शिक्षण संपल्यावरही किमान दोन वर्षं उचलायचा आहे. नियम चांगला आहे, पण गुडघ्याचं दुखणं दोन वर्षांत संपतं असं कोणी म्हणणार नाही. तिसरी गोष्ट वाटा. एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या खेळाडूंना लीगच्या उत्पन्नाचा ४८ टक्क्यांच्या आसपास वाटा मिळतो, बास्केटबॉलच्या एनबीएत साधारण निम्मा. तिथे युनियनने घासाघीस केली. कॉलेजातले २२ टक्के खटल्याच्या तडजोडीतून आले आणि पुढे येणाऱ्या मुलांच्या वतीने बोलायला टेबलावर युनियन नव्हती. आमच्या मते खरी मेख इथे आहे: मानधन मिळालं, पण ते ठरवताना मत द्यायचा हक्क मिळाला नाही. विद्यापीठांचाही यात तोटा आहे. युनियनशी करार करून ठरवलेली मर्यादा मक्तेदारीविरोधी खटल्यांत टिकते. आजच्या मर्यादेला तसं संरक्षण नाही.

मग युनियन होत का नाही? खासगी क्षेत्राचा राष्ट्रीय कामगार कायदा सरकारी विद्यापीठांना लागू नाही. २०१५मध्ये अव्वल फुटबॉल विभागातल्या सुमारे १२५ संघांपैकी जेमतेम १७ खासगी होते. याच कारणाने राष्ट्रीय कामगार मंडळाने ऑगस्ट २०१५मध्ये नॉर्थवेस्टर्नच्या प्रकरणातून अंग काढून घेतलं. खेळाडू कामगार आहेत की नाहीत, यावर मंडळ बोललंच नाही, आणि एप्रिल २०१४मध्ये खेळाडूंनी टाकलेली मतं कधी मोजलीच गेली नाहीत. सरकारी विद्यापीठांवर राज्यांचे कायदे चालतात. ओहायो आणि मिशिगनने २०१४मध्येच खेळाडू कर्मचारी नाहीत असं लिहून टाकलं. नॉर्थ कॅरोलायनात सरकारी कर्मचाऱ्यांना सामूहिक करारच करता येत नाही, टेक्ससमध्येही बहुतेकांना तीच बंदी आहे.

खासगी संस्थेतही फार पुढे जाता आलं नाही. डार्टमथच्या पुरुष बास्केटबॉल संघाने ५ मार्च २०२४ रोजी १३ विरुद्ध २ मतांनी युनियन निवडली. विद्यापीठाने वाटाघाटीला बसायला नकार दिला. मंडळावर नव्या सरकारची माणसं येणार हे दिसताच ३१ डिसेंबरला युनियनने अर्ज मागे घेतला, प्रतिकूल निकालाचा पायंडा पडू नये म्हणून. मुळात खेळाडू चार वर्षांत पास होऊन जातो आणि कज्जा त्याहून लांबतो.

युनियनवाले एक गोष्ट हळूच सांगतात, ती इथे स्पष्ट लिहितो. कर्मचारी म्हटलं की कामावरून काढणंही आलं, आणि शिष्यवृत्तीला वेतन मानून कर लावण्याचा प्रश्नही.

एफ-वन (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर

महाराष्ट्रातून टेनिस, गोल्फ, स्क्वॉशसाठी जाणाऱ्यांना वरचं बरंचसं गणित बदलून वाचावं लागेल. ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एमकडून खेळली, तशा सरकारी विद्यापीठात युनियनचा विचार सोडूनच द्यावा. पैशांचंही अवघड आहे. एफ-वनवर कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय काम करता येत नाही आणि जाहिरातीचं चित्रीकरण हे कामच. केंटकीचा काँगोचा बास्केटबॉलपटू ऑस्कर शिब्वे याने २०२२मध्ये संघ बहामाला गेला असताना तिथे चित्रीकरण उरकलं, ते म्हणूनच. तिसऱ्या खिशाबद्दल विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाचं लेखी उत्तर आल्याशिवाय सही करू नये. कोचच्या शब्दावर व्हिसा टिकत नाही. कॅम्पसवरची नोकरी सत्रात आठवड्याला २० तासांपर्यंत चालते. उद्या खेळाडू कर्मचारी ठरले आणि खरे ४०-५० तास मोजले गेले, तर युनियनचा विजय या मुलांच्या अंगाशी येऊ शकतो.

कोणी काय निवडावं

फुटबॉल किंवा पुरुषांचं बास्केटबॉल, मोठं विद्यापीठ आणि अमेरिकन पासपोर्ट असेल तर तिसऱ्या खिशासाठी घासाघीस करा. दुखापतीच्या कलमासाठी रक्कम थोडी कमी घ्यावी लागली तरी घ्या. बाकी खेळांत पूर्ण आणि चार वर्षांची शिष्यवृत्ती मागा. दरवर्षी नूतनीकरण होणारी असेल तर ती एक वर्षाचीच समजा. डार्टमथसारख्या जुन्या खासगी विद्यापीठांच्या आयव्ही लीग या गटाने तडजोड नाकारली आहे आणि तिथे खेळाची शिष्यवृत्तीही नाही, घरच्या उत्पन्नावर ठरणारी मदत आहे. मध्यम उत्पन्नाच्या घराला ती कधी कधी जास्त पडते, तेव्हा दोन्ही आकडे समोर ठेवूनच ठरवा. युनियनच्या आशेवर विद्यापीठ निवडू नका. खासगी विद्यापीठात प्रवेश झाला आणि सहकाऱ्यांनी अर्ज पुढे केला, तर मात्र सही करायला हरकत नाही. ज्यांच्यावर व्हिसाचं ओझं आहे त्यांनी आधी वकिलाला विचारावं.