रोजच्या बिलाला झकास, वाकडं बिल आलं की बोंब (५ पैकी ३)

पुण्यात आमचा स्टेशनरीचा होलसेल धंदा आहे, दोन वर्षं झाली एक अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरतोय, नाव मुद्दाम लिहीत नाही. रोजच्या बिलाला खरंच काही कटकट नाही. पार्टी निवडा, आयटम टाका, महाराष्ट्रातली असेल तर सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्राचा नि राज्याचा, अर्धा-अर्धा), बाहेरची असेल तर आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीचा), सगळं आपोआप.

पण हिंजवडीला एसईझेडमधल्या (विशेष आर्थिक क्षेत्रातल्या) एका कंपनीला पेनं आणि फायली गेल्या तेव्हा कळलं की हे नुसता जीएसटी नंबर बघतं. नंबर २७ ने, म्हणजे महाराष्ट्राच्या कोडने, सुरू होतो ना, मग याने बिनधास्त ९-९ टक्के लावले. एसईझेडला माल राज्यातल्या राज्यात गेला तरी आयजीएसटीच लागतो, नाहीतर एलयूटीवर (सरकारला दिलेल्या हमीपत्रावर) टॅक्स न लावता द्यायचा. पार्टी मास्टरमध्ये (ग्राहकाच्या माहितीच्या पानावर) पार खाली एक एसईझेडची टिक आहे, ती केली की बरोबर होतं, पण ती तिथे आहे हे आम्हाला कोण सांगणार? पार्टीने बिल परत पाठवलं तेव्हा शोधाशोध केली.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते जुन्या टेम्पोने. २०१६ ला घेतलेला, म्हणजे जीएसटीच्या आधीचा, त्यावर खरेदीच्या टॅक्सचं क्रेडिट (वजावट) वगैरे काही घेतलेलं नाही. इन्कम टॅक्सच्या हिशेबाने घसारा जाऊन किंमत १,०५,००० उरलेली, विकला १,३०,००० ला. अशा जुन्या गाडीवर टॅक्स फक्त वरच्या २५,००० वर, १८ टक्क्यांनी ४,५००. या सॉफ्टवेअरमध्ये मार्जिनची, म्हणजे फक्त वरच्या रकमेवर टॅक्स लावायची, सोयच नाही, पूर्ण रकमेवर २३,४०० लावून मोकळं! शेवटी सीएने सांगितलं तसं व्हॅल्यू हाताने बदलून बिल काढलं, आणि रिटर्नमध्ये ते नीट बसलंय का ते परत तपासायचं काम वेगळंच.

ट्रान्सपोर्टवाल्याच्या भाड्याचा आरसीएम (त्याच्याऐवजी टॅक्स आपण भरायचा) मात्र जमतो. ५ टक्के आपल्या देण्यात धरतं, ट्रान्सपोर्टवाल्याच्या खात्यात चढवत नाही. आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या नावावर उगाच जास्त बाकी दिसायची.

आणि एका गोष्टीसाठी पूर्ण मार्क. २२ सप्टेंबर २०२५ ला वह्या १२ टक्क्यांवरून शून्यावर आल्या, त्यानंतर आधी विकलेल्या वह्यांचे गठ्ठे परत यायला लागले. क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची रक्कम वजा करायची नोट) काढताना मूळ बिल जोडलं की जुने १२ टक्केच उचलतं, जे बरोबर आहे. पण बिल न जोडता काढली की शून्य लावतं आणि एक अक्षर बोलत नाही, आमच्या पोराने अशा चार नोटा काढून ठेवल्या होत्या. निदान एक लाल पट्टी तरी दाखवा रे.