आजोबांच्या कॅसेट दिल्या होत्या, ४ स्टार

आधी कामाचं सांगते. कॅसेटवरून पेन ड्राइव्हवर करून देतात, एका कॅसेटचे साडेतीनशे घेतले, चार दिवस सांगून अकरा दिवस लावले. दुकान सदाशिव पेठेत आतल्या बोळात आहे, गाडी लांब लावून चालत जा.

आमच्या पाच कॅसेट होत्या, नव्वद मिनिटांच्या. १९८८ साली काकाने टू-इन-वनवर आजोबांना बोलतं केलं होतं, त्यानंतर त्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत गेल्या त्या गेल्याच. पहिल्यांदा तीनच घेऊन गेले, म्हटलं बघू तरी कसं काम करतात. दोनला बुरशी लागलेली आणि एकीची ती फेल्टची गादी गळून पडलेली. दुकानवाल्या काकांनी माझ्यासमोर स्क्रू काढून रील दुसऱ्या डब्यात बसवली, हात इतका हलका की मी श्वास धरून बघत होते. यासाठी पाच स्टार दिले असते.

आजोबा पाचव्या मराठ्यात होते, म्हणजे ब्रिटिशांच्या फौजेतली मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंट, तिसरी बटालियन. १९४१ ला एरिट्रियात केरेनचे डोंगर, मग १९४४ ला इटली. टेपवर ते यशवंत घाडगेंबद्दल बोलतात, त्यांच्याच बटालियनचे नाईक, १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनवर एकटे धावून गेले, मग स्नायपरची गोळी लागून गेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक. पण आजोबांच्या आवाजात बहादुरी वगैरे काही नाही, सगळा वेळ चिखल, खेचरं आणि टिनातलं बेचव खाणं यावरच बोलणं, मधेच खोकला.

आता एक स्टार का कापला ते. पहिल्यांदा दिलेली फाइल एकदम स्वच्छ, खरखर नाही, खोकला नाही, आजोबा जणू रेडिओ स्टेशनात बसलेत. पण माझ्या आईला आठवत होतं की आजी मागे बसून सारखी मधे बोलायची, आणि फाइलमध्ये आजी नाहीच!! विचारलं तर म्हणाले, क्लीन करताना हळू आवाज आपोआप दाबला जातो, गिऱ्हाइकाला स्वच्छच लागतं. अहो पण आधी विचारा ना. मूळ फाइल मागितली तर आढेवेढे न घेता दिली, पैसेही वाढवून घेतले नाहीत, हे पण लिहायला हवं.

मूळ फाइलमध्ये आजी आहे. आजोबा सांगतात त्यांचा चुलतभाऊ लढाईत नदीवर मारला गेला, आणि मागून आजी, "अवो न्हाई, डोंगरावर. तार आली तवा मी हितंच हुते, मास्तरनं वाचली." आणि मग त्याच्या घरच्या गावाचं नाव घेते. ते गाव आमच्यात कुणाला माहीतच नव्हतं, भाऊबंदकीत बांधावरून बोलणं तुटलं ते तिसऱ्या पिढीपर्यंत.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर फुकट शोधता येतं, दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश आणि कॉमनवेल्थ फौजांतून मेलेली सतरा लाख माणसं आहेत त्यात. टिप देते, नावाचं स्पेलिंग पाच-सहा तऱ्हांनी टाकून बघा आणि रेजिमेंट 'महराट्टा' (Mahratta) अशी शोधा, त्या काळचं तसंच आहे. आम्हाला सहाव्या प्रयत्नात सापडला, वडिलांचं नाव, सातारा जिल्हा, आणि आजीने सांगितलेलं तेच गाव. कबर नाही, इटलीत कसिनो मेमोरियलवर नाव आहे. घाडगेंचंही तिथेच आहे.

गावच्या सरपंचाला फोन केला, त्यांनी अर्ध्या तासात नंबर दिला. तिकडचे काका ऐंशीचे, आधी आवाज जरा कडकच, जमिनीचं काही काढताय का म्हणून. मी फक्त टेप लावली स्पीकरवर. आजीचं वाक्य आलं तसे ते म्हणाले, "परत लाव." चारदा लावलं. त्यांच्याकडे तांदळाच्या डब्यात इटली स्टार, म्हणजे इटलीतल्या लढाईचं मेडल, आहे म्हणे, कुणाचं ते घरात नवीन पोरांना ठाऊक नव्हतं. दिवाळीनंतर जायचं ठरलंय, आई आत्तापासूनच साडी काढून बसलीये.

उरलेल्या दोन कॅसेट याच दुकानात देणार आहे. वर कागद चिकटवून, मोठ्या अक्षरात, "काहीही साफ करू नका".