भिंतीवरची पट्टी आणि वीतभर हिरवी वायर

आमची डोंबिवलीची बिल्डिंग जुनी. भिंतीतले पाइप गंजलेले, जुनी वायर ओढली की तुटून हातात येते, आणि सोसायटी झिरी, म्हणजे भिंतीत खाच, मारू देत नाही. म्हणून भिंतीवरूनच केसिंग-कॅपिंग, म्हणजे आपली प्लॅस्टिकची पट्टी, मारून घ्यायचं ठरलं. ओळखीतून एक जण आला. "ताई, धूळ नाही, तोडफोड नाही, दोन दिवसांत मोकळे." माल त्याचाच, दर पॉइंटमागे.

खरंच दोन दिवसांत संपवलं. पट्ट्या ओळंब्यात, कोपरे तिरके कापून नीट जुळवलेले. सासूबाईंनी त्याला दोनदा चहा दिला, मी पूर्ण ३८,००० रुपये दिले. बिल वहीच्या पानावर.

थंडी पडली आणि ३ किलोवॅटचा गीझर रोज चालू लागला. एकदा केर काढताना बाथरूमबाहेरच्या पट्टीला हात लागला, तर गरम! नळाला हात लावला की झिणझिण्या यायच्या, त्या मी पंधरा दिवस थंडीवर ढकलत होते.

शेजारच्या काकांनी परवाना असलेला वायरमन पाठवला. पट्टीचं झाकण खरं तर नखाने निघतं, आमचं निघेना. हातभर अंतरावर फेविक्विकचे थेंब! पट्टी फोडली. वायरीवर छापलेली जाडी त्याने मला वाचायला लावली: १ स्क्वेअर एमएम. वहीच्या पानावर गीझरला ४ लिहिलेलं. १३ अँपिअर खेचणाऱ्या गीझरला ही वायर, मध्ये टेप गुंडाळलेला जोड, आणि वर ३२ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच. "वायर जळेल, पण हा पडायचा नाही," तो म्हणाला. करंट गळला की वीज तोडणारा आरसीसीबी तर नव्हताच.

मग त्याने प्लगचा बोर्ड उघडला. अर्थिंगच्या पिनेला हिरवी वायर व्यवस्थित कसलेली. त्याने हलकेच ओढली, तर ती सगळीच बाहेर आली. वीतभर. दुसरं टोक कुठेच जोडलेलं नाही. अकरा बोर्डांतून असे अकरा तुकडे निघाले. फक्त ओट्याजवळच्या बोर्डाला अर्थिंग खरं होतं, कारण तो बसवताना मी तिथे पोळ्या लाटत होते.

पहिल्याला फोन केला. "लाइट लागतोय ना ताई?" एवढंच बोलला. नंतर फोन बंद.

पट्टीच्या कामात चांगली गोष्ट एकच, सगळं उघडून बघता येतं, आणि मी तेच केलं नाही. तुम्ही करून घेणार असाल तर झाकणं बसण्याआधी वायरीवरचा आकडा वाचा. दिव्या-पंख्याला १.५, १६ अँपिअरच्या प्लगला २.५, गीझर-एसीला ४ बघा. वायरीच्या गुंडाळ्या तुमच्यासमोर फोडायला लावा. हिरवी वायर प्रत्येक बोर्डापासून मेनपर्यंत दिसली पाहिजे. झाकण चिकटवू देऊ नका, आणि निम्मे पैसे हातात ठेवा.

आमचं दुसऱ्यांदा काम झालं तेव्हा पाच दिवस लागले. झाकणं शेवटच्या संध्याकाळी बसली, तीही सासूबाईंनी चष्मा लावून सगळ्या वायरी वाचल्यावर.