नवा स्वस्त लॅपटॉप की ऑफिसातून निघालेला जुना?

वीस-पंचवीस हजारांत घरासाठी लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की दोन वाटा समोर येतात. एक म्हणजे सेलमधला नवा कोरा, इंटेलच्या सेलेरॉन या स्वस्त प्रोसेसरवाला. दुसरी म्हणजे कंपन्यांनी वापरून विकून टाकलेला बिझनेस लॅपटॉप, लेनोवोचा थिंकपॅड टी480 किंवा डेलचा लॅटिट्यूड 7490 या पठडीतला. आमच्या घरी दोन्ही प्रकार वापरून झालेत.

नव्याची बाजू कमजोर नाही. वजनाला हलका, वॉरंटी हातात, बॅटरी ताजी. आमच्याकडे होता त्याला पंखाच नव्हता, त्यामुळे रात्री शेजारी कुणी झोपलं असलं तरी आवाजाचा त्रास नाही. आईचे व्हिडिओ कॉल, लाइट बिल, शाळेच्या पीडीएफ, एवढं तो बिनतक्रार करायचा.

मला तो नकोसा झाला तो स्टोरेजमुळे. 64 जीबीची ईएमएमसी, म्हणजे साधी स्टोरेज चिप, तीही बोर्डावर सोल्डर केलेली. विंडोज आणि रोजची चार सॉफ्टवेअर टाकली की अर्ध्याहून जास्त जागा गेलीच. त्यात फोनमधले फोटो उतरवले की सी ड्राइव्हची पट्टी लाल. मग विंडोजचा मोठा अपडेट यायचा आणि जागा नाही म्हणून अडून बसायचा. डिस्क क्लीनअप चालवा, डाउनलोड्स रिकामं करा, तरीही भागलं नाही तर पेनड्राइव्ह लावून अपडेटला तिथे जागा करून द्या. काही महिने गेले की पुन्हा तेच. आई विचारायची, ‘‘अरे, आत्ताच तर साफ केलं होतंस ना?’’ तिला काय सांगणार? खालचं कव्हर उघडलं तरी बदलण्यासारखं आत काही नव्हतंच. 4 जीबी रॅमसुद्धा सोल्डरच. मेमरी कार्डावर फोटो ठेवता येतात, पण विंडोजची भूक त्याने भागत नाही.

आता टी480. 2018 सालचं मॉडेल, पण मागचं कव्हर काढलं की रॅमचे दोन स्लॉट समोर दिसतात. कव्हरचे स्क्रू सैल केले तरी कव्हरलाच अडकून राहतात, हरवत नाहीत. काम सुरू करण्याआधी बाहेरची बॅटरी काढायची आणि आतली बायोसमधून (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमधून) डिसेबल करायची, एवढं पथ्य पाळा. माझ्या मशीनमध्ये रॅमची 8 जीबीची एकच पट्टी होती, दुसरा स्लॉट रिकामा. तिथे दुसरी 8 जीबीची, डीडीआर4 प्रकारची रॅम बसवली. जुन्या स्टोरेजच्या जागी 512 जीबीचा एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क टाकली. तेव्हापासून जागा साफ करण्याचा विषय घरात निघालेला नाही. गूगल मीट चालू असताना क्रोमचे दहा टॅब उघडे असले तरी मशीन अडखळत नाही. मोजमाप मी काही केलेलं नाही, पण फरक आईलाही जाणवला.

2025च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढलेत, त्यामुळे शक्यतो 16 जीबी असलेलंच मशीन शोधा, सोबतच घेतलेली रॅम बहुधा स्वस्त पडते. एसएसडी घेण्याआधी आत अडीच इंची साटा बसतो की एम डॉट टू (छोट्या पट्टीसारखा), आणि एम डॉट टू असेल तर साटा की त्याहून वेगवान एनव्हीएमई, हे पाहून घ्या.

जुन्यात जोखीम आहेच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला घ्या नाहीतर पुण्याच्या तपकीर गल्लीत, दुकानदाराला विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून दाखवायला सांगा. बॅटरी डिझाइन कपॅसिटीच्या, म्हणजे नवी असतानाच्या क्षमतेच्या, निम्म्यावर आली असेल तर नवी बॅटरी किमतीत धरा. बायोसला पासवर्ड नाही ना, बिजागऱ्या ढिल्या नाहीत ना, हे तिथेच बघा. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीपेक्षा जुना नको. सातव्या पिढीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज 11च्या अधिकृत यादीत नाहीत, आणि विंडोज 10चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. दुकानात ‘आय फाइव्ह’ एवढंच सांगतात. तुम्ही पूर्ण नंबर विचारा, 8250यू किंवा 8350यू असेल तर चालेल.

रोज पाठीवर घेऊन कॉलेजला जायचं असेल, किंवा दुरुस्तीला जवळपास कुणी नसेल, तर नवा घेणाऱ्याला मी अडवणार नाही. टेबलावर राहणाऱ्या, सगळ्या घराने वापरायच्या लॅपटॉपसाठी मात्र माझा कल जुन्याकडे आहे. नवाच घ्यायचा ठरला, तर ईएमएमसीवाला सोडून द्या आणि निदान रॅमचा एक स्लॉट मोकळा व एसएसडी बदलता येणारा आहे याची खात्री करूनच पैसे भरा.