‘वाटेत फुटल्या’ म्हणून गेलेल्या पाच रेकॉर्ड्स : जुनं जॅझ जमवणाऱ्यांनी हे वाचाच

ज्यांच्याकडे जॅझच्या जुन्या रेकॉर्ड्स आहेत, किंवा घरात माळ्यावर आजोबांच्या वेळच्या 78 च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) तबकड्या पडून आहेत, त्यांच्यासाठी लिहितेय. जो माणूस माझ्या पाच रेकॉर्ड्स घेऊन गेला तो अजून मुंबई-गोव्यात फिरतोय, आणि तो विकत घ्यायला येत नाही, तो जतन करून द्यायला येतो. नाव लिहीत नाही कारण पोलिसांकडे अर्ज चालू आहे, पण पद्धत सगळी सांगते.

आधी त्या रेकॉर्ड्स काय होत्या ते कळायला हवं. मी मुंबईत वाजलेलं जॅझ जमवते. बऱ्याच लोकांना माहीतच नसतं की 1935 मधे लिऑन ॲबीचा अमेरिकन कृष्णवर्णीय बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला होता, त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ आला, टेडी वेदरफोर्ड आला, आणि ह्या लोकांचं ऐकून, त्यांच्या शेजारी बसून वाजवून आपल्या गोव्याच्या पोरांनी जॅझ उचललं. ट्रंपेट वाजवणारा चिक चॉकलेट गोव्याचाच, मूळ हळदोण्याचा, पुढे सी. रामचंद्रांबरोबर सिनेमात वाजवलं, ‘अलबेला’मधे तर तो बँडसकट पडद्यावर दिसतो. मिकी कोरियाने 1939 पासून वीसेक वर्षं ताजचा बँड सांभाळला. आणि तो क्रिकेट स्मिथ, विचार करा, 1913-14 मधे न्यूयॉर्कमधे जेम्स रीस युरोप नावाच्या बँडलीडरच्या ऑर्केस्ट्रात कॉर्नेट (ट्रंपेटसारखं वाद्य) वाजवत होता, म्हणजे जॅझची पहिली रेकॉर्ड निघाली 1917 मधे त्याच्याही आधी, आणि हाच माणूस 1936 मधे मुंबईत रेक्स ह्या रेकॉर्ड कंपनीसाठी वाजवून गेला. वेदरफोर्डने युद्धाच्या काळात कलकत्त्यात कोलंबिया ह्या रेकॉर्ड कंपनीसाठी रेकॉर्डिंग केलं आणि 1945 मधे तिथेच कॉलऱ्याने गेला. ह्या तबकड्या लाखेच्या, हातातून सुटली की संपली. मूळ मेटल मास्टर, म्हणजे ज्यावरून तबकड्या काढायच्या ते धातूचे साचे, कुठे आहेत विचारलं तर धड उत्तर मिळत नाही. त्यामुळे तबकडी हीच मूळ, तिच्यामागे दुसरं काही नाही.

माझ्याकडच्या बारा रेकॉर्ड्स मला धोबीतलावच्या एका आंटींनी दिल्या होत्या. त्यांचे मिस्टर सॅक्सोफोन वाजवायचे, दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला आणि रात्री हॉटेलात. आंटी मुलीकडे परदेशी कायमच्या निघाल्या तेव्हा एक पैसा न घेता मला बोलावून दिल्या, फक्त म्हणाल्या की आवाज राहिला पाहिजे, नुसत्या कपाटात ठेवू नकोस. बारामधल्या सात साध्या डान्स म्युझिकच्या, बाहेरच्या बँडच्या, सहज मिळणाऱ्या. पण पाच मुंबई-कलकत्त्याच्या, त्यात ती रेक्सची पण.

तर आवाज राहिला पाहिजे म्हणून मी ट्रान्सफर, म्हणजे तबकडीवरचा आवाज कॉम्प्युटरवर उतरवून देणारं कोणी शोधत होते, आणि एका ओळखीतल्या संग्राहकाकडून हा गृहस्थ आला. पन्नाशीचा, शांत बोलणारा, ‘ध्वनी संवर्धन’ असं छापलेलं कार्ड. लोक म्हणतात भोंदू लगेच ओळखता येतो, तसं काही नाही हो. त्याला सगळं येत होतं. शेलॅकला स्पिरिट लावायचं नाही, लाख विरघळते, हे त्याने मी विचारायच्या आधी सांगितलं. एलपीची सुई 78 ला चालत नाही, खाच जवळपास तिप्पट रुंद असते, म्हणून तीन मिलच्या (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आसपासच्या दोन-तीन मापाच्या सुया लावून बघायच्या असतात. 1954 च्या आधी प्रत्येक कंपनीचं इक्वलायझेशन, म्हणजे मुद्रण करताना खालचे-वरचे सूर कमी-जास्त करायची पद्धत, वेगळं, त्यामुळे आधी फ्लॅट, म्हणजे काहीही न बदलता ट्रान्सफर घ्यायचा, 24 बिट 96 किलोहर्ट्झवर, खरखर अजिबात न काढता, आणि मग ऐकण्यासाठी साफ केलेली कॉपी वेगळी करायची. अक्षर न् अक्षर बरोबर. आणि 2008 मधे हॉलिवूडला युनिव्हर्सलच्या आगीत मास्टर टेप्स जळल्या ते सांगताना आवाज असा हलला की माझ्याही डोळ्यात पाणी आलं. ह्या माणसाला संगीत खरंच आवडतं असं मला आजही वाटतं, आणि म्हणूनच जास्त राग येतो.

मशीन मोठं आहे, घरी आणता येणार नाही, रेकॉर्ड्स स्टुडिओत न्याव्या लागतील असं म्हणाला. पावती दिली, लेटरहेडवर, सहीशिक्क्याची : ‘78 आरपीएमच्या जुन्या रेकॉर्ड्स, नग 12, संवर्धनासाठी मिळाल्या.’ आणि वर विश्वासासाठी म्हणून स्वतःची एक एलपी माझ्याकडे ठेवली. जॉन कोल्ट्रेनची ‘ब्लू ट्रेन’, ब्लू नोट ह्या अमेरिकन जॅझ कंपनीची 1577 नंबरची, म्हणे पहिलं प्रेसिंग, म्हणजे अगदी पहिल्या खेपेत छापलेली, म्हणे तुमच्या बाराच्या बारांपेक्षा हिची किंमत जास्त, काम होईपर्यंत तुमच्याकडे राहू दे. चांगल्या अवस्थेतल्या खऱ्या पहिल्या प्रेसिंगला हजार डॉलरच्या वर सहज जातात हे खरंच आहे. ट्रान्सफरची अर्धी फी मी ऑनलाइन दिली.

पुढे काय झालं तर बरेच आठवडे ‘चालू आहे’, ‘सुई मागवलीय’, मग अचानक एक दिवस कुरियरने खोका. आत सात रेकॉर्ड्स व्यवस्थित, एक पेन ड्राइव्ह, आणि एका वेगळ्या पिशवीत तुकडे. फोनवर अक्षरशः रडवेला झाला होता, कुरियरवाल्याने आपटलं, पाच फुटल्या, मी स्वतःला माफ करू शकत नाही, पण निदान ट्रान्सफर आधी झालं होतं त्यामुळे आवाज वाचलाय, आणि नुकसानभरपाई म्हणून ती कोल्ट्रेनची एलपी आता तुमची. म्हणजे बघा, मूळ वस्तू नाहीशी, तिचा पुरावा तुकड्यात, आवाज हातात, वर भरपाई. कुणालाही वाटेल माणूस भला आहे.

आता तुकड्यांचं. लेबलचा भाग एकाही तुकड्यावर धड नव्हता, ओला करून खरवडल्यासारखा निघालेला. पण 78 वर लेबलच्या बाहेर, खाच संपते तिथल्या गुळगुळीत पट्टीत मॅट्रिक्स नंबर कोरलेला असतो, तो खरवडून जात नाही. मी तुकडे चादरीवर मांडून जुळवले, भिंग लावून तीन ठिकाणी नंबर वाचता आला, आणि तिन्ही हिंदी सिनेमाच्या गाण्यांच्या रेकॉर्ड्सचे निघाले, ज्या चोर बाजारात ढिगाने मिळतात. माझ्या रेकॉर्ड्सच्या लेबलांचे आणि त्या पट्टीचे फोटो मी आंटींच्या घरीच काढून ठेवले होते म्हणून हे ताडून बघता आलं.

मग पेन ड्राइव्ह. 96 किलोहर्ट्झ वगैरे काही नाही, 128 केबीपीएसच्या, म्हणजे हलक्या दर्जाच्या एमपी3, झांजेचा आवाज पाण्यातून आल्यासारखा. पण खरी गोष्ट वेगळीच. रेक्सच्या तबकडीला कडेपासून आत इंचभर बारीक चीर होती, आंटींच्या मिस्टरांच्या वेळेपासूनची, त्यामुळे ती वाजवली की सुरुवातीला प्रत्येक फेऱ्याला एकदा टिक व्हायची, मिनिटाला 78 टिक, मोजून घ्या. फाइलमधे ती टिक नाही. काढून टाकली म्हणावं तर बाकीची खरखर जशीच्या तशी कशी राहिली? म्हणजे ती फाइल माझ्या तबकडीची नव्हतीच, ते रेकॉर्डिंग दुसरीकडून कुठूनतरी उचललं होतं. त्याने माझ्या रेकॉर्ड्सवर सुई टेकवली तरी होती का, देव जाणे.

आणि ती कोल्ट्रेन. इथे जरा सविस्तर लिहिते कारण ब्लू नोटच्या नावावर सगळ्यात जास्त लोक फसतात. हे सेशन 15 सप्टेंबर 1957 चं, ब्लू नोटचा रेकॉर्डिंग इंजिनिअर रूडी व्हॅन गेल्डर ह्याच्या आईवडलांच्या न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकच्या घरातल्या हॉलमधे झालेलं. कव्हर अस्सल होतं, मागे ब्लू नोटचा न्यूयॉर्कचा तेव्हाचा 47 वेस्ट 63 चा पत्ता, जुना पुठ्ठा, जुना वास. लेबलवर पण तोच पत्ता, लेबलच्या आतल्या भागात दाबली गेलेली ती खोल गोल खाच पण होती, डीप ग्रूव्ह म्हणतात ती. वजनदार पण. ह्यातल्या कशावरही विसंबायचं नाही. अमेरिकेत 2000 नंतर अशा हुबेहूब रीइश्यू, म्हणजे नव्याने काढलेल्या आवृत्त्या, निघाल्यात ज्यात जुनं लेबल, डीप ग्रूव्ह, सगळं मुद्दाम तसंच केलंय, त्या प्रामाणिकपणे रीइश्यू म्हणूनच विकल्या गेल्या, पण कुणी ती तबकडी काढून जुन्या खऱ्या कव्हरात घातली की झालं पहिलं प्रेसिंग. बघायची जागा एकच, गाणं संपल्यावर लेबलपर्यंतची पट्टी, डेडवॅक्स. तिथे व्हॅन गेल्डरची आरव्हीजी अक्षरं हवीत, आणि मुख्य म्हणजे कानासारखी दिसणारी एक छोटी खूण हवी, ती न्यू जर्सीच्या प्लास्टिलाइट कारखान्याची, ब्लू नोटचं प्रेसिंग 1966 पर्यंत तिथे व्हायचं. नुसत्या व्हॅन गेल्डरच्या नावावर भुलू नका, 1966 मधे लिबर्टी ह्या दुसऱ्या कंपनीने ब्लू नोट घेतल्यावर त्याच जुन्या धातूच्या साच्यांवरून रेकॉर्ड्स काढल्या, कधीकधी शिल्लक राहिलेली जुनी लेबलंसुद्धा लावली, त्यामुळे नाव दिसतं, लेबल जुनं दिसतं, पण कान नसतो. आणि लेबलवर छोटा गोलातला आर (ट्रेडमार्कची खूण) असेल तर ते 1959 च्या सुमारासचं किंवा नंतरचं, 1577 चं अगदी पहिलं नाही.

ह्याने मला आधी त्या कानाचा फोटो पाठवला होता. स्पष्ट, सुंदर फोटो, फक्त त्यात लेबल नव्हतं. तो दुसऱ्याच कुठल्यातरी रेकॉर्डचा. माझ्याकडे ठेवलेल्या एलपीत कान नाही, आरव्हीजी नाही, नव्या पद्धतीचा लांबलचक नंबर आहे. तीन-चार हजाराची वस्तू, कव्हर सोडलं तर. म्हणून फोटो मागाल तेव्हा लेबल, डेडवॅक्स आणि आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी तिन्ही एका फ्रेममधे मागा, किंवा व्हिडिओ कॉलवर दिव्याखाली तिरपी फिरवून दाखवायला सांगा.

फोन केला तर आधी ‘गैरसमज होतोय ताई’, मग ‘पावती वाचा, त्यात कुठे लिहिलंय कुठल्या रेकॉर्ड्स’, आणि मग नंबर बंद. त्या पावतीचा अर्थ मला तेव्हा लागला. नग 12, जुन्या. कोणत्याही जुन्या बारा.

काही महिन्यांनी परदेशातल्या एका लिलावाच्या यादीत रेक्सची तीच तबकडी दिसली. अख्खी. तीच इंचभर चीर, फोटोत स्पष्ट, विक्रेत्याने वर्णनात पण लिहिलेली. यादीतून ती दोन दिवसात गायब झाली, माझ्या मेलला उत्तर नाही.

पोलिसांत आधी हे दिवाणी प्रकरण आहे म्हणून परत पाठवत होते, कारण वस्तू मीच दिली, पावती आहे. वकिलांनी अर्ज नीट लिहून दिला, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचं आणि 316 विश्वासघाताचं, दोन्ही. फी ऑनलाइन दिली होती म्हणून सायबर फसवणुकीच्या 1930 ह्या हेल्पलाइनवर वेगळी तक्रार केली, ती लगेच नोंदली गेली. वस्तू देशाबाहेर जाऊ नये म्हणून काही करता येतं का तेही विचारलं, तर 1972 च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षं पूर्ण लागतात, 1936 ची रेकॉर्ड त्यात बसत नाही. मुंबईत वाजलेलं जॅझ आज कायद्याच्या दृष्टीने जुनं सामान आहे, हे ऐकून फार वाईट वाटलं.

तुमच्याकडे असं कोणी आलं तर एवढं करा. मूळ तबकडी घराबाहेर जाऊ देऊ नका, टर्नटेबल, बरोबर मापाची सुई, प्रीअँप आणि लॅपटॉप हे सगळं एका पिशवीत मावतं, ‘मशीन मोठं आहे’ ही थाप आहे. द्यायचीच वेळ आली तर पावतीत प्रत्येक रेकॉर्डचा कॅटलॉग नंबर, दोन्ही बाजूंचे मॅट्रिक्स नंबर, चिरा-डाग-सह्या सगळं लिहून घ्या आणि फुटली तर लेबलसकट तुकडे परत करायचे असंही लिहून घ्या. बदल्यात कोणी भारी वस्तू ठेवायला लागला तर ती आधी दुसऱ्या जाणकाराला दाखवा. आणि कॉपी करायला घाबरू नका, आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट साठ वर्षांचा, 1936 च्या रेकॉर्डिंगचा केव्हाच संपला, तेव्हा हक्कांची भीती घालून कोणी तबकडी मागत असेल तर ते खोटं आहे.

माझ्या उरलेल्या सात आता घरीच ट्रान्सफर झाल्यात, एका तरुण मुलाने स्वतःचं टर्नटेबल आणून, माझ्यासमोर बसून केलं, आणि फाइल्स तीन ठिकाणी ठेवल्यात. आंटींना फोनवर सगळं सांगितलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत, मग त्यांनी त्या पाचांची लेबलं कशी होती, कुठे काय खूण होती ते आठवून आठवून सांगितलं, मी लिहून घेतलं.

त्यातलं हे लक्षात ठेवा : पाचही तबकड्यांच्या एका बाजूच्या लेबलवर जांभळ्या शाईत दोन इंग्रजी अक्षरं आहेत, एम आणि एफ, खाली आडवी रेघ. रेक्सच्या तबकडीला कडेपासून इंचभर चीर. वेदरफोर्डच्या एका कोलंबियाच्या लेबलवर सिगारेटने भाजल्याचा गोल डाग, भोकाच्या डाव्या बाजूला. कुठेही दिसल्या, कोणी विकायला आणल्या, तर घासाघीस सुरू करायच्या आधी डेडवॅक्सचा आणि लेबलचा फोटो काढून ठेवा, कोणाकडे दिसल्या ते लिहून ठेवा आणि मला कळवा.